सुपरकार्डची जन्मकथा : शिकागोच्या मैदानापासून 'रेसलमेनिया'पर्यंत

अमेरिकी व्यावसायिक कुस्ती आणि 'रेसलमेनिया' हे दोन शब्द एकमेकांपासून वेगळे काढणे आज कठीण झाले आहे. उपग्रह वाहिन्या भारतात आल्यानंतर ज्या पिढीने ही कुस्ती घरबसल्या पाहिली, तिच्या दृष्टीने तर या खेळाचा इतिहास हल्क होगनपासूनच सुरू होतो. प्रत्यक्षात वर्षभराची भांडणे एका रात्रीत, एका छपराखाली निकाली काढणारा महासोहळा भरवण्याची कल्पना ३१ मार्च १९८५ रोजी झालेल्या पहिल्या 'रेसलमेनिया'हून बरीच जुनी आहे. ती कोणा एका माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही. बेसबॉलची मैदाने, सणाची सुटी, मुष्टियुद्धासाठी उभारलेले मोठे पडदे आणि पुढे केबलची तार अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा कुठे ती आकाराला आली. आणि आकाराला येताना जिच्या अंगाखांद्यावर ती वाढली, त्या जुन्या व्यवस्थेलाच तिने गिळून टाकले.

या धंद्यात एका रात्रीच्या लढतींच्या यादीला 'कार्ड' म्हणतात. नेहमीच्या कार्डात चार-सहा दुय्यम लढती आणि शेवटी एक मुख्य जोड असते. ज्यांपैकी कोणतीही एक लढत एरवी स्वतंत्रपणे सभागृह भरू शकेल, अशा अनेक लढती एकाच रात्री लावल्या की ते 'सुपरकार्ड' होते. आपल्याकडील मैदानातही एक नंबरच्या कुस्तीसाठी लोक दिवस मावळेपर्यंत ताटकळत बसतात, तत्त्व तेच. फरक असा की, तालमीतल्या कुस्तीचा निकाल मातीत लागतो आणि व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. सुपरकार्डचे सारे अर्थशास्त्र या फरकातूनच निघाले आहे. निकाल हाती असल्यामुळे भांडण केव्हा पेटवायचे, किती आठवडे धुमसत ठेवायचे आणि कोणत्या तारखेला विझवायचे, हे प्रवर्तकाला ठरवता येते. ती तारीख म्हणजेच सुपरकार्ड.

मोठे मैदान, एकच कुस्ती

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कुस्तीसाठी मोठा जनसमुदाय जमवला तो फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट या जोडीने. ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोच्या डेक्स्टर पार्क पॅव्हेलियनमध्ये झालेली त्यांची पहिली लढत सुमारे दोन तास चालली. अखेर 'रशियन सिंह' म्हणून गाजलेल्या हॅकेनश्मिटने माघार घेतली. गॉचने अंगाला तेल लावले होते, अशी तक्रार त्याने मागाहून केली. त्यांची दुसरी लढत ४ सप्टेंबर १९११ रोजी त्याच शहरातील कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर झाली. सुमारे ३० हजार लोक जमले. हॅकेनश्मिटचा गुडघा सरावातच दुखावला होता आणि गॉचने दोन्ही डाव सहज जिंकले. लोक निराश होऊन घरी गेले. मैदान भरता येते हे या लढतीने दाखवले. त्याचबरोबर सारा भार एकाच कुस्तीवर टाकला आणि ती फसली, तर काय होते हेही दाखवले.

याच काळात, १९१० मध्ये, लंडनला गेलेल्या गामा पहिलवानाची कथाही याच कोड्याकडे बोट दाखवते. त्याने गॉच आणि हॅकेनश्मिट या दोघांनाही आव्हान दिले. दोघांपैकी कोणीही त्याच्याशी भिडले नाही. स्टॅनिस्लॉस झबिस्को मात्र उतरला. १० सप्टेंबर १९१० रोजी झालेल्या त्या लढतीत झबिस्को जवळजवळ अडीच तास पोटावर पडून राहिला आणि निकाल लागलाच नाही. कुस्ती म्हणून त्यात झबिस्कोची चिकाटी असेल, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला अडीच तास काय पाहायचे, हा प्रश्न उरतोच. अस्सल लढत पुष्कळदा दिसायला नीरस असते, हे व्यावसायिक कुस्तीचे मूळ दुखणे होते.

त्यावर उपाय शोधला तो १९२० च्या दशकात एड 'स्ट्रँगलर' लुईस हा मल्ल, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि जोसेफ 'टूट्स' माँट या त्रिकुटाने. त्यांनी वेळेची मर्यादा घातली, मुष्टियुद्धातले ठोसे आणि झेपावून मारायचे डाव कुस्तीत आणले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मल्लांचा एक संच करारबद्ध करून तोच संच गावोगाव फिरवण्यास सुरुवात केली. म्हणजे एका जोडीऐवजी आता संपूर्ण कार्ड विकले जाऊ लागले. २० सप्टेंबर १९३४ रोजी शिकागोच्याच रिग्ली फील्डवर जिम लोंडोस आणि लुईस यांची लढत झाली, तेव्हा ३५ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. हा आकडा पुढे जवळजवळ सत्तावीस वर्षे अमेरिकेत टिकला.

तो मोडला पुन्हा शिकागोतच. ३० जून १९६१ रोजी कोमिस्की पार्कवर न्यूझीलंडमध्ये जन्मलेला पॅट ओ'कॉनर आणि सोनेरी केसांचा बडी रॉजर्स समोरासमोर आले. प्रेक्षक ३८,६२२ आणि उत्पन्न १ लाख ४० हजार डॉलरहून अधिक. रॉजर्सने तीनपैकी दोन डाव जिंकून 'नॅशनल रेसलिंग अलायन्स'चा, म्हणजेच 'एनडब्ल्यूए'चा जागतिक किताब मिळवला. शिकागोतून देशभर दिसलेल्या दूरचित्रवाणीच्या कुस्तीने मोठे झालेले फ्रेड कोहलर हे तिथले प्रवर्तक होते. घरच्या पेटीवर फुकट दिसणारी कुस्ती मैदानावरचा गल्ला मारते की वाढवते, या जुन्या वादाचे उत्तर त्या संध्याकाळी निदान शिकागोपुरते मिळाले.

सरंजामी व्यवस्था

येथे 'एनडब्ल्यूए'विषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे नाट्य तिच्याभोवती घडते. जुलै १९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू या गावी काही प्रवर्तक एकत्र आले आणि त्यांनी ही संघटना स्थापन केली. देशाची वाटणी दोन डझनांहून अधिक इलाख्यांत झाली. प्रत्येक इलाख्याचा एक प्रवर्तक. त्याने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही. सर्वांनी एकच जागतिक विजेता मानायचा आणि त्या विजेत्याने आळीपाळीने सर्वांच्या गावी जाऊन स्थानिक वीराशी लढायचे. इनामदारांनी आपापसांत गावे वाटून घ्यावीत, तसाच हा प्रकार होता. अमेरिकी न्यायखात्याने मक्तेदारीच्या कारणावरून त्यावर कारवाई केली आणि १९५६ मध्ये संघटनेला तडजोडीचा हुकूम मान्य करावा लागला. तरीही प्रत्यक्षातल्या हद्दी पुढे पाव शतक टिकल्या.

या व्यवस्थेत मल्लाला एक सोय होती. एका इलाख्यात लोक कंटाळले, की तो बोचके उचलून दुसऱ्या इलाख्यात जाई आणि नव्याने सुरुवात करी. एका प्रवर्तकाशी बिनसले, तर दुसऱ्याचे दार उघडे असे. ही सोय पुढे किती मोलाची होती ते ती गेल्यावर कळले.

इलाख्यांचे गणित साधे होते. स्थानिक वाहिनीवर आठवड्याला एक तास कुस्ती दाखवायची, त्यात भांडणे पेटवायची आणि ती पाहण्यासाठी लोकांना जवळच्या सभागृहात खेचायचे. मोठ्या सणाला मोठे कार्ड लावायचे. उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे 'थँक्सगिव्हिंग'ला, टेक्सासमध्ये नाताळला अशा प्रथा पडल्या होत्या. घरात जेवण झाल्यावर सुटीच्या संध्याकाळी कुटुंबाने करायचे काय, या प्रश्नाला प्रवर्तकांनी दिलेले ते उत्तर होते.

मेक्सिको आणि जपान

अमेरिकी लेखक सुपरकार्डचा इतिहास सांगताना बहुधा स्वतःच्या सीमेबाहेर जात नाहीत. ते योग्य नव्हे. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात ठरलेला महासोहळा करण्याची सर्वांत जुनी परंपरा मेक्सिकोची आहे. साल्वादोर लुत्तेरोथ यांनी २१ सप्टेंबर १९३३ रोजी मेक्सिको सिटीत आपल्या कुस्ती कंपनीचा पहिला कार्यक्रम केला आणि पुढच्या वर्षापासून तिचा वर्धापनदिन साजरा होऊ लागला. कंपनीचे नाव मध्यंतरी बदलले, सभागृहे बदलली, १९५६ मध्ये 'अरेना मेक्सिको' ही भव्य वास्तू उभी राहिली. पण सप्टेंबरातला तो सोहळा चालूच राहिला. मेक्सिकोने आणखी एक गोष्ट दिली. तिकडे मल्ल किताबापेक्षा मुखवटा पणाला लावतात. हरणाऱ्याने तो कायमचा उतरवायचा आणि आपले खरे नाव सांगायचे. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी 'अरेना कोलिसेओ'मध्ये एल सान्तोने ब्लॅक शॅडोचा मुखवटा उतरवला. गमावलेला किताब पुन्हा मिळवता येतो, गमावलेला चेहरा नाही. म्हणूनच अशी लढत कोणत्याही शुक्रवारी लावता येत नाही, तिला मोठी रात्रच लागते.

जपानमध्ये हे काम दूरचित्रवाणीने केले. १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझानने अमेरिकेतून आलेल्या शार्प बंधूंशी केलेल्या लढती पाहण्यासाठी रस्त्यांवर लावलेल्या संचांभोवती गर्दी उसळली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मासाहिको किमुराशी त्याची लढत झाली. पुढच्या वर्षी रिकिदोझानने ज्याला हरवून आशियाई किताब घेतला तो किंगकाँग हा अगडबंब मल्ल भारतीय प्रेक्षकांनाही चांगला परिचित होता. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींनी १९५० च्या दशकात मुंबईत गर्दी खेचली. लू थेझसारखा 'एनडब्ल्यूए'चा माजी जगज्जेता १९६८ मध्ये दारासिंगशी लढला तोही मुंबईत.

शे स्टेडियमच्या तीन रात्री

न्यूयॉर्क परिसराचे इनामदार होते व्हिन्सेंट जेम्स मॅकमॅहन. १९६३ मध्ये ते 'एनडब्ल्यूए'पासून अलग झाले आणि त्यांनी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ' या नावाने स्वतंत्र किताब सुरू केला. १७ मे १९६३ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनो सॅमार्टिनोने बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवले आणि न्यूयॉर्कच्या इटालियन वस्त्यांना आपला वीर मिळाला.

गार्डनमध्ये दर महिन्याला कुस्त्या होतच होत्या. त्याहून मोठे काही करायचे, तर जागा बदलणे भाग होते. ३० सप्टेंबर १९७२ रोजी शे स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानावर सॅमार्टिनो आणि तत्कालीन विजेता पेड्रो मोरालेस हे दोन लोकप्रिय मल्ल एकमेकांसमोर उभे केले गेले. नायकाविरुद्ध नायक हा प्रयोग तेव्हा दुर्मिळ होता. लढत तासाहून अधिक चालून बरोबरीत सुटली. प्रेक्षक २२ हजारांच्या आसपास होते. त्या मैदानाच्या मानाने ते कमीच.

दुसरी रात्र अधिक महत्त्वाची आहे. २६ जून १९७६ रोजी टोकियोच्या बुदोकान सभागृहात मुहंमद अली आणि अँटोनियो इनोकी यांच्यात मुष्टियोद्धा विरुद्ध कुस्तीगीर अशी लढत ठरली. अलीला ६० लाख डॉलरचे आमिष होते. ती लढत 'क्लोज्ड सर्किट' पद्धतीने अमेरिकेतील सभागृहांत मोठ्या पडद्यावर तिकीट लावून दाखवली जाणार होती. मुष्टियुद्धाच्या धंद्यात ही पद्धत रुळली होती. ८ मार्च १९७१ ची अली-फ्रेझर लढत जगभर अशीच दाखवली गेली होती. मॅकमॅहन यांनी शे स्टेडियमवर पडदा लावला आणि पडद्यासोबत प्रत्यक्ष कुस्त्याही ठेवल्या. आन्द्रे द जायंटने चक वेपनर या मुष्टियोद्ध्याला दोरांवरून बाहेर फेकले. मुख्य लढत सॅमार्टिनो आणि स्टॅन हॅन्सन यांची. दोन महिन्यांपूर्वी, २६ एप्रिल रोजी, याच हॅन्सनबरोबरच्या लढतीत एक डाव चुकला आणि सॅमार्टिनोच्या मानेचे हाड मोडले होते. ती दुखापत ठरवून केलेली नव्हती, खरी होती. डॉक्टरांच्या दृष्टीने त्याने इतक्या लवकर उतरणे शहाणपणाचे नव्हते. पण तो उतरला, आणि सुमारे ३२ हजार लोक आले.

टोकियोतली लढत मात्र पुरती फसली. नियम इतके आवळलेले होते की, इनोकी बहुतेक वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. पंधरा फेऱ्यांनंतर बरोबरी जाहीर झाली. अलीचे पाय सुजून त्याला रुग्णालयात जावे लागले. तरीही त्या रात्रीने एक सूत्र पक्के केले : जगप्रसिद्ध बाहेरचा माणूस, मोठे मैदान आणि दूरच्या शहरांत पडदा. नऊ वर्षांनी हेच सूत्र थोरल्या मॅकमॅहन यांच्या मुलाच्या कामी आले. तिसरी रात्र ९ ऑगस्ट १९८० ची. त्या दिवशी सॅमार्टिनो आपल्याच फितूर शिष्याशी, लॅरी झबिस्कोशी, लोखंडी पिंजऱ्यात लढला. ३६ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. गुरू-शिष्याचे ते भांडण सहा महिन्यांहून अधिक काळ रोज थोडे थोडे तापवले गेले होते.

ग्रीन्सबरोची वाहतूक कोंडी

सुपरकार्डच्या जन्माची तारीख एकच सांगायची झाली, तर ती २४ नोव्हेंबर १९८३ ही सांगावी लागेल. पण तिच्या आधीची एक संध्याकाळ विसरता येत नाही. १२ मार्च १९८३ रोजी ग्रीन्सबरो कोलिझियममध्ये रिकी स्टीमबोट-जे यंगब्लड आणि सार्जंट स्लॉटर-डॉन कर्नोडल या जोड्यांची पिंजऱ्यातील लढत होती. सभागृह भरले, बाहेर रस्ते तुंबले आणि हजारो लोकांना तिकिटाविना परत जावे लागले. दोन्ही कॅरोलिना आणि व्हर्जिनियाचे प्रवर्तक जिम क्रॉकेट यांच्या दृष्टीने परत गेलेली प्रत्येक मोटार म्हणजे बुडालेला गल्ला होता. सभागृह मोठे करता येत नव्हते. मग तीच लढत इतर गावांतील सभागृहांत पडद्यावर का दाखवू नये?

'थँक्सगिव्हिंग'च्या त्या रात्री 'स्टारकेड' झाले. नाव आणि कल्पना यांचे श्रेय बहुतेक जण डस्टी ऱ्होड्स या मल्लाला देतात. मुख्य लढतीत रिक फ्लेअर आणि हार्ली रेस पिंजऱ्यात भिडले; पंच म्हणून जीन किनिस्की या माजी विजेत्याला आणले गेले. कथा अशी रचली होती : जूनमध्ये रेसने फ्लेअरकडून किताब हिसकावला, मग त्याला कायमचा घरी बसवणाऱ्यास २५ हजार डॉलरचे इनाम जाहीर केले. बॉब ऑर्टन आणि डिक स्लेटर यांनी ते काम घेतले. फ्लेअर निवृत्ती जाहीर करून परतला. आणि आता, त्याच्याच घरच्या मैदानावर, हिशेब. आपल्या तमाशाच्या वगातही यापेक्षा वेगळे काय असते? फ्लेअर जिंकला आणि १५ हजारांहून अधिक लोकांचे सभागृह दणाणून गेले.

तरीही त्या रात्रीचे खरे स्मारक दुसरीच लढत आहे. रॉडी पायपर आणि ग्रेग व्हॅलेंटाइन यांच्या गळ्यात कुत्र्याचे पट्टे बांधले होते आणि दोघांना एक साखळी जोडत होती. निकाल ठरलेला असला, तरी साखळी लोखंडाचीच होती. पायपरच्या कानाला झालेली इजा आयुष्यभर राहिली. मुख्य लढत एवढीच चालणार नाही, खालच्या लढतीही लक्षात राहिल्या पाहिजेत, ही सुपरकार्डची अट येथे पूर्ण झाली.

त्याच वेळी टेक्सासमध्ये फ्रिट्झ फॉन एरिक यांच्या घराण्याने सणाची कार्डे दणक्यात चालवली होती. २५ डिसेंबर १९८२ रोजी डॅलसच्या रियुनियन अरेनामध्ये केरी फॉन एरिक आणि फ्लेअर यांच्या पिंजऱ्यातील लढतीत टेरी गॉर्डीने पिंजऱ्याचे दार केरीच्या डोक्यावर आपटले आणि त्या एका आघातावर पुढची अनेक वर्षे पैसा उभा राहिला. फेब्रुवारी १९८४ मध्ये केरीचा थोरला भाऊ डेव्हिड जपान दौऱ्यावर मरण पावला. ६ मे १९८४ रोजी टेक्सास स्टेडियमवर त्याच्या स्मृतीला वाहिलेल्या सोहळ्यात केरीने फ्लेअरला हरवून जागतिक किताब घेतला. ३० हजारांहून अधिक लोक रडत होते. त्या घराण्यातील दुःख खरे होते आणि तिकिटेही खरी होती. दोन्ही एकत्र आल्यावर जे अवघडलेपण वाटते, ते आजही त्या चित्रफिती पाहताना जाणवते.

जुगार

१९८२ मध्ये धाकट्या मॅकमॅहन यांनी, व्हिन्सेंट केनेडी यांनी, वडिलांची आणि त्यांच्या भागीदारांची कंपनी हप्त्यांनी विकत घेतली. वडिलांनी पाळलेल्या हद्दी त्यांना मान्य नव्हत्या. केबलमुळे एका गावची कुस्ती साऱ्या देशात दिसू लागली होती; मग कुंपण कशाला? त्यांनी दुसऱ्यांच्या इलाख्यातील वाहिन्यांवर वेळ विकत घेतला आणि दुसऱ्यांचे मल्ल उचलले. मिनियापोलिसहून हल्क होगन आला, क्रॉकेट यांच्याकडून पायपर. २३ जानेवारी १९८४ रोजी होगनने आयर्न शेकला हरवून किताब घेतला. १४ जुलै १९८४ रोजी तर टीबीएस वाहिनीवरील जॉर्जियाची लोकप्रिय कुस्ती लावणाऱ्या प्रेक्षकांना अचानक मॅकमॅहन दिसले. त्या शनिवाराला चाहते आजही 'काळा शनिवार' म्हणतात.

प्रेक्षक वाढवण्यासाठी त्यांनी संगीताचा आधार घेतला. गायिका सिंडी लॉपरच्या एका गाजलेल्या चित्रगीतात कुस्तीतील 'कॅप्टन' लू अल्बानो तिच्या वडिलांच्या भूमिकेत होता. तो धागा पकडून एमटीव्हीवर २३ जुलै १९८४ आणि १८ फेब्रुवारी १९८५ असे दोन कार्यक्रम झाले. सणाच्या कार्डासाठी स्थानिक वाहिनी जे करत असे, तेच एमटीव्हीने देशभर केले.

'रेसलमेनिया' हे नाव निवेदक हॉवर्ड फिंकेल यांनी सुचवल्याचे सांगितले जाते. रचना पाहिली, तर शे स्टेडियमची रात्र डोळ्यांसमोर येते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९,१२१ प्रेक्षक आणि शंभराहून अधिक ठिकाणी पडदे. होगनच्या जोडीला अभिनेता मिस्टर टी, समोर पायपर आणि पॉल ऑर्नडॉर्फ. मुहंमद अली पंच, बेसबॉलचे बिली मार्टिन निवेदक, पियानोवादक लिबराची घड्याळाशी. आदल्या रात्री होगन आणि मिस्टर टी यांनी 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा लोकप्रिय विनोदी कार्यक्रम सादर केला. लढती म्हणाव्यात तर बेताच्याच होत्या. 'स्टारकेड'शी तुलना केल्यास त्या उण्याच ठरतात. पिट्सबर्गमध्ये प्रक्षेपणच बंद पडले आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी हाताला येईल ते फेकले. पण हा सोहळा बुडता, तर कंपनीही बुडाली असती. तो बुडाला नाही. कंपनीने दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांचा दावा केला. गंमत अशी की, टीबीएसवरची ती शनिवारची वेळ मॅकमॅहन यांनी त्याच सुमारास क्रॉकेट यांना सुमारे १० लाख डॉलरना विकली होती. म्हणजे 'रेसलमेनिया'च्या आणीबाणीच्या दिवसांत प्रतिस्पर्ध्याचाच पैसा हाताशी आला.

दोन वर्षांनी, २९ मार्च १९८७ रोजी, मिशिगनमधील पाँटिअॅक सिल्व्हरडोमवर 'रेसलमेनिया ३' झाला. होगनने आन्द्रेला उचलून आपटले ते याच रात्री. कंपनीने ९३,१७३ हा आकडा जाहीर केला. कुस्तीचे पत्रकार डेव्ह मेल्ट्झर यांनी तो ७८ हजारांच्या आसपास असल्याचे लिहिले. वाद अजून मिटलेला नाही. पण ७८ हजार हा आकडा तरी लहान आहे काय?

तारेवरची लढाई

पडद्यांचे युग लवकरच संपले. घरबसल्या पैसे भरून एकच कार्यक्रम पाहण्याची 'पे-पर-व्ह्यू' सोय आली आणि लढाई सभागृहांतून केबल कंपन्यांच्या कचेऱ्यांत गेली. क्रॉकेट यांनी २६ नोव्हेंबर १९८७ चे 'स्टारकेड' प्रथमच या पद्धतीने दाखवायचे ठरवले. मॅकमॅहन यांनी त्याच रात्री 'सर्व्हायव्हर सिरीज' हा नवा सोहळा जाहीर केला आणि केबल कंपन्यांना बजावले : 'स्टारकेड' दाखवाल, तर हा कार्यक्रम मिळणार नाही आणि पुढचा 'रेसलमेनिया'ही नाही. मूठभर कंपन्या सोडल्या, तर सर्वांनी मॅकमॅहन यांची बाजू घेतली. चार वर्षांपूर्वी ज्या सणाला क्रॉकेट यांनी सुपरकार्ड जन्माला घातले, त्याच सणाला त्यांची कोंडी झाली.

पुढचे वार तितकेच सरळ. २४ जानेवारी १९८८ रोजी क्रॉकेट यांच्या पैसे भरून पाहायच्या कार्यक्रमासमोर मॅकमॅहन यांनी 'रॉयल रंबल' फुकट दाखवला. २७ मार्च रोजी 'रेसलमेनिया ४'समोर क्रॉकेट यांनी 'क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स' फुकट दाखवून परतफेड केली. त्या रात्री ४५ मिनिटे बरोबरीत लढून स्टिंग नावाचा तरुण फ्लेअरच्या पंक्तीत जाऊन बसला. ऑगस्टमध्ये 'समरस्लॅम'ची भर पडली. मॅकमॅहन यांचे वर्षातले चार मोठे सोहळे असे उभे राहिले. त्यांतले दोन केवळ शेजाऱ्याचा दिवा विझवण्यासाठी. नोव्हेंबर १९८८ मध्ये क्रॉकेट यांनी कंपनी टेड टर्नर यांना विकली. तीच पुढे 'डब्ल्यूसीडब्ल्यू' झाली आणि मार्च २००१ मध्ये मॅकमॅहन यांच्याच पदरात पडली. मिनियापोलिसची 'एडब्ल्यूए' १९९१ मध्ये बंद पडली. टेक्सासचा इलाखा त्याआधीच मिटला होता.

इलाखे गेले, त्याबरोबर मल्लांची ती जुनी सोयही गेली. १९८६ मध्ये 'रेसलमेनिया २'च्या सुमारास जेसी व्हेंचुरा याने सहकाऱ्यांपुढे संघटना काढण्याची गोष्ट मांडली. महासोहळा तोंडावर आहे, मालकाला आपल्यावाचून गत्यंतर नाही, हीच वेळ आहे, असा त्याचा हिशेब होता. बातमी मालकापर्यंत पोहोचली. ती होगनने पोहोचवली, हे व्हेंचुराला पुढे चित्रफितींच्या मानधनासाठी केलेल्या दाव्यात मॅकमॅहन यांच्याच जबानीतून कळले. १९९४ मध्ये त्या दाव्यात व्हेंचुराला सुमारे ८ लाख डॉलर मिळाले. संघटना मात्र झालीच नाही. निकाल ठरलेले असतात हेही कंपनीने स्वतःच मान्य केले. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे तिने आपला व्यवसाय खेळ नसून करमणूक असल्याचे सांगितले, कारण खेळ म्हटले की देखरेख आणि कर दोन्ही आले. ऐंशी वर्षे जपलेले गुपित अखेर खर्चाच्या हिशेबात उघडे पडले.

पुढील विस्तार थोडक्यात सांगण्याजोगा आहे. जपानमध्ये २४ एप्रिल १९८९ रोजी टोकियो डोममध्ये पहिली कुस्ती झाली आणि त्या रात्री सोव्हिएत संघातून आलेल्या ज्युदोपटू शोता चोचिश्विलीने इनोकीला हरवले. १९९२ पासून ४ जानेवारीचा डोममधला सोहळा जपानी कुस्तीचा सण ठरला. लंडनच्या वेम्बलीवर २९ ऑगस्ट १९९२ रोजी 'समरस्लॅम' झाला. १ सप्टेंबर २०१८ रोजी शिकागोजवळ काही मल्लांनी कोणत्याही मोठ्या कंपनीविना 'ऑल इन' भरवला आणि त्याची दहा हजार तिकिटे अर्ध्या तासात संपली. त्यातून पुढच्या वर्षी 'एईडब्ल्यू' ही नवी कंपनी निघाली. २०२० चा 'रेसलमेनिया' महासाथीमुळे रिकाम्या सभागृहात झाला आणि तेव्हापासून तो दोन रात्रींचा झाला.

'स्टारकेड' हे नाव 'डब्ल्यूसीडब्ल्यू'बरोबर मॅकमॅहन यांच्या कंपनीकडे आले आणि सोळा वर्षे पडून राहिले. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी, 'थँक्सगिव्हिंग'च्या आठवड्यात, त्या नावाचा कार्यक्रम पुन्हा ग्रीन्सबरो कोलिझियममध्ये झाला. तो दूरचित्रवाणीवर दाखवला गेला नाही. ज्यांनी तिकीट काढले त्यांनीच तो पाहिला.